होडीत की पाण्यात?

ओहोटी पुरती लागली की नवी मुंबईतल्या दिवाळे गावाच्या खाडीत होड्या एका कुशीवर कलंडतात. सकाळी ज्या पाण्यावर त्या डुलत होत्या ते पाणी दूर खोल धारेत गेलेलं असतं आणि मागे उरतो करडा, चकचकीत, पोटरीपर्यंत पाय गिळणारा गाळ. सीबीडी बेलापूरच्या उंच इमारती इथून अगदी जवळ दिसतात. त्यांच्याकडे पाठ करून एक वयस्क तांडेल होडीच्या मागच्या अंगाला उकिडवा बसलेला आहे. पंख्याचं एक पातं त्याने दोन बोटांत धरलं आहे आणि तो ते सावकाश फिरवतो आहे, जुन्या घड्याळाला चावी द्यावी तसं. नजर मात्र पंख्यावर नाही, समोरच्या तिवरांवर लागली आहे. पंखा कुठे अडतो ते त्याला बघायचं नाही, बोटांना कळू द्यायचं आहे.

प्रॉपेलर हा शब्द कोळीवाड्यात कुणाला नवा नाही. पण रोजच्या बोलण्यात तो पंखाच. त्याच्या मागे सुकाण. हे दोघे होडीच्या अंगावरचे सर्वांत कष्टाळू आणि सर्वांत कमी दिसणारे अवयव. होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, रंगवतात, तिच्यावर डोळे काढतात, नारळी पौर्णिमेला तिला हार घालतात. पंख्याच्या वाट्याला यातलं काही येत नाही. तो पाण्याखाली असतो आणि त्याची आठवण होते ती तो बिघडल्यावर.

सुकाणू हा शब्द मराठीने पाण्यातून केव्हाच बाहेर काढला. संस्थांच्या सुकाणू समित्या असतात, कुणी पक्षाचं सुकाणू हाती घेतं, कुणाच्या हातून ते निसटतं. या सगळ्या बोलण्यात एक समजूत दडलेली आहे, की सुकाणू हाती आलं म्हणजे दिशा हाती आली. खाडीवरच्या माणसाला असं वाटत नाही. त्याच्या दृष्टीने सुकाण ही एक उभी फळी आहे. तिच्यावरून पाणी वाहत असेल तोवर तिला अर्थ. होडी थांबली, पाणी थांबलं, की सुकाण डावीकडे फिरवा नाहीतर उजवीकडे, नाळ जागची हलत नाही. इंजिन होडीच्या पोटात बसवलेलं असतं तिथे सुकाण बहुधा पंख्याच्या पाठोपाठच असतं आणि पंख्याने मागे फेकलेला झोत थेट त्याच्यावर आदळतो. त्या झोताच्या जोरावरच होडी वळते. म्हणून सुकाण नीट लागत नाही अशी तक्रार आली, की जाणता माणूस आधी पंख्याची चौकशी करतो.

होडीच्या मागे बाहेरून टांगलेलं इंजिन असेल तर गोष्ट सोपी. ते वर उचलायचं, पंखा पाण्याबाहेर येतो, डोळ्यांनी पाहायचं. पोटातल्या इंजिनाची तऱ्हा वेगळी. मशीन आत फळ्यांखाली. तिथून गिअर, मग कपलिंग, मग लांब शाफ्ट. तो होडीच्या तळातून आरपार बाहेर जातो आणि त्याच्या टोकाला पंखा. निम्मं यंत्र कोरडं आणि निम्मं ओलं. ओलं निम्मं दिसत नाही, त्याची खबर फक्त कंप, आवाज आणि हाताला लागणारा जडपणा यांच्यातून येते. वैद्याने नाडीवर बोटं ठेवावीत तसा तांडेल सुकाणाच्या दांड्यावर तळवा ठेवून बसतो.

त्याचे प्रश्नही वैद्यासारखेच. थरथर केव्हापासून? हळू चालताना की मशीन वाढवल्यावर? पुढे जाताना की मागे घेताना? कालपर्यंत होडी नीट होती आणि आज अचानक हादरू लागली, तर पंख्याला काहीतरी गुंडाळलं आहे किंवा पातं कशावर तरी आपटून दुमडलं आहे. महिन्या-दोन महिन्यांत हळूहळू वाढत गेलेली थरथर असेल तर झीज शोधायची: शाफ्टला आधार देणारा बुश, सैल झालेले बोल्ट, इंजिनाखालचे दबलेले रबर. मशीन मोठ्याने ओरडतं आहे आणि होडी जागची हलत नाही, असं झालं तर फळ्या उचलून आतलं कपलिंग बघायचं. कपलिंग फिरतच नसेल तर खोट गिअरमध्ये. कपलिंग फिरतंय पण शाफ्ट उभा, तर जोडाची चावी तुटलेली. शाफ्टही फिरतोय आणि तरी जोर नाही, तर दुखणं होडीबाहेर, पंख्यापाशी. उलट मशीन दमतंय, काळा धूर सोडतंय, वेग चढत नाही, तेव्हा त्याच्यावर कसलंतरी ओझं पडलेलं असतं.

स्टेअरिंगचं चाक असलेल्या लाँचवर आणखी एक साधी युक्ती चालते. चाक जड लागलं की दोष चाकात, केबलमध्ये, तेलाच्या नळीत की खाली सुकाणात, हे घोळत बसायचं नाही. सुकाणाच्या वरच्या दांड्याला जिथे केबल किंवा सिलिंडर जोडलेला असतो तो जोड सोडवायचा आणि सुकाण नुसत्या हाताने फिरवून पाहायचं. हलकं फिरलं तर खालचं सगळं ठीक. केबल गंजली असेल, किंवा हायड्रॉलिकमध्ये तेल कमी होऊन हवा शिरली असेल. हवा शिरली की चाक फिरवल्यावर हाताला मऊ, स्पंजासारखं लागतं. सुकाण हातालाही जडच लागलं, तर त्याचा दांडा वाकलेला आहे, नाहीतर त्याचं पॅकिंग फार आवळलेलं आहे. एक जोड सोडवला की अर्धी शंका मिटते.

दिवाळ्याच्या गाळात बसलेल्या त्या माणसाच्या बोटांना मात्र काहीतरी लागलं आहे. पातं एका जागी येऊन जडावतं. तो पुढे सरकतो आणि शाफ्ट जिथे होडीच्या तळातून बाहेर येतो त्या फटीत बोट घालतो. मग कमरेचा कोयता. आधी निघतो निळ्या नायलॉनचा गुंता, डोलीच्या जाळ्याचा. कुठल्यातरी होडीचं तुटून वाहत आलेलं जाळं. त्याखाली काळी पडलेली प्लास्टिकची पिशवी, शाफ्टच्या उष्णतेने वितळून घट्ट बसलेली. आणि त्याच्याही आत, सगळ्यांत आधी अडकलेलं असणार ते, साडीचं सुती फडकं. काठ अजून ओळखू येतो.

खाडीवर ज्यांचं पोट आहे त्यांना पंख्यात सापडलेल्या वस्तूंवरून ऋतू सांगता येतात. गणपतींनंतर निर्माल्याची वस्त्रं आणि हारांचे दोरे. पावसाळ्यात नाल्यांनी आणलेला सगळा संसार: गोणपाट, चपला, गादीचा कापूस, दुधाच्या पिशव्या. मशीन थंड ठेवायला होडी बाहेरचं पाणी आत ओढून घेते. त्या भोकावर एखादी पिशवी चिकटली, की पाच-दहा मिनिटांत मशीन तापतं. मग भर खाडीत ते बंद करायचं, नांगर टाकायचा आणि कुणीतरी कोयता तोंडात धरून पाण्यात उतरायचं. गढूळ पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही. सगळं काम चाचपून. वरच्याने मशीनला हात लावायचा नाही, हा नियम त्या वेळी देवाच्या शपथेइतका पक्का.

म्हणून इथल्या दुरुस्तीचा पहिला प्रश्न एकट्या होडीला विचारता येत नाही. बिघाड होडीत आहे की पाण्यात? कारखान्यातून येणाऱ्या पुस्तिकेत बिघाडांचे तक्ते असतात: लक्षण एका रकान्यात, कारण दुसऱ्यात, उपाय तिसऱ्यात. त्यात ‘बुश झिजला’ हे कारण सापडतं, तो कशाने झिजला ते नाही. हा बुश बहुधा रबराचा असतो आणि त्याला तेल लागत नाही, खाडीचं पाणीच त्याचं वंगण. पण ते पाणी बारीक गाळ घेऊन येत असेल, तर वंगणाचाच पॉलिशपेपर होतो. आपल्या लहानपणी या धारेत ओहोटीलाही होडी तरंगायची, असं जुने कोळी सांगतात. आता गाळामुळे भरतीची वेळ बघून निघावं लागतं आणि भरती बघूनच परतावं लागतं. उशीर झाला की पंखा पाणी सोडून चिखल घुसळायला लागतो.

पंखा कोळ्यांकडे आला त्याला फार पिढ्या झालेल्या नाहीत. १९५० च्या दशकात मुंबई किनाऱ्यावरच्या मासेमारी होड्यांत इंजिनं बसवायला सुरुवात झाली. त्याआधी शीड होतं आणि वल्हं होतं. शिडाचा बिघाड आभाळात दिसायचा: फाटलं, फडफडलं, वारा पडला. सगळी होडी मान वर करून एकाच गोष्टीकडे बघू शकायची. इंजिन आलं आणि होडी वाऱ्याच्या मर्जीतून सुटली. तिचा जोर मात्र पाण्याखाली गेला. मान वर करणाऱ्या माणसाला खाली कान द्यायला शिकावं लागलं. हे कुठल्या शाळेत शिकवलं गेलं नाही. बापाने मुलाचा हात धरून गिअरबॉक्सवर ठेवला असेल, “हे आठवणीत ठेव, असं लागलं पाहिजे,” म्हणून.

पंख्याचा स्वतःचा इतिहासही एका बिघाडानेच पुढे सरकलेला आहे. इंग्लंडात फ्रान्सिस पेटिट स्मिथ याने १८३६ मध्ये जहाज ढकलणाऱ्या स्क्रूचं पेटंट घेतलं. त्याचा पहिला पंखा आजच्यासारखा पात्यांचा नव्हता. लाकडाचा, दोन पूर्ण वेढ्यांचा, बुचाच्या मळसूत्रासारखा. १८३७ मध्ये लंडनच्या कालव्यात चाचणी चालू असताना तो कशावर तरी आपटला आणि त्याचा अर्धा भाग तुटून गेला. होडी थांबायला हवी होती. ती उलट जोरात पळू लागली. स्मिथने ती तुटलेली खूण नीट वाचली आणि पुढचे स्क्रू एकाच वेढ्याचे केले. १८४५ मध्ये ब्रिटिश नौदलाने पंख्याचं ‘रॅटलर’ आणि वल्हेचाकांचं ‘अलेक्टो’ ही दोन वाफेची जहाजं पाठीला पाठ लावून बांधली आणि रस्सीखेच करवली. ‘रॅटलर’ने ‘अलेक्टो’ला उलटं ओढत नेलं.

मुंबईचं बंदर या घडामोडींपासून दूर नव्हतं. जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्यातल्या अर्देशर कर्सेटजींनी १८३३ मध्ये इथे ‘इंडस’ नावाची छोटी वाफेची बोट पाण्यात सोडली होती. १८४१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य झाले. लाकडी जहाजांच्या कारागिरीत वाढलेला माणूस वाफेच्या यंत्राकडे वळला, तेव्हा त्यालाही ऐकण्याची नवी सवय लावून घ्यावी लागली असेल. लाकूड आधी कुरकुरतं, मग तुटतं. लोखंड कसं सांगतं, ते नव्याने समजून घ्यावं लागतं.

लाकूड आणि लोखंड यांचं नातं आजही होडीच्या पोटात जपावं लागतं. गिअरची थाळी आणि शाफ्टची थाळी एकमेकींना तंतोतंत समांतर हव्यात. चार इंच व्यासाच्या कपलिंगमध्ये वरच्या आणि खालच्या फटीत फार तर चार हजारांश इंचाचा, म्हणजे ०.१ मिलिमीटरचा, वहीच्या एका पानाएवढा फरक चालतो. त्याहून जास्त झाला की शाफ्ट थरथरतो, बुश खातो, पॅकिंग फाडतो. आणि हे माप होडी जमिनीवर असताना घेऊन उपयोग नाही. पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलै या यांत्रिक मासेमारीच्या बंदीत, होड्या वर ओढून ठेवतात. टेकूंवर बसलेला लाकडी तळ थोडा वाकतो, वाळतो, आकसतो. पाण्यात गेल्यावर लाकूड पाणी पितं, फुगतं, पाणी तळाला सगळीकडून उचलून धरतं आणि होडी आपल्या खऱ्या आकारात येते. म्हणून मिस्त्री जमिनीवर जोड नुसता लावून ठेवतो. बोल्ट शेवटचे आवळायचे ते होडी पाण्यात उतरून एक-दोन दिवस मुरल्यावर.

शाफ्ट बाहेर जातो त्या भोकातून पाणी आत येऊ नये म्हणून तिथे ग्रीसमध्ये भिजवलेल्या दोरीचं पॅकिंग भरतात. नवख्याला वाटतं, ते जितकं घट्ट तितकं चांगलं. तसं नाही. शाफ्ट फिरत असताना तिथून मिनिटाला दोन-चार थेंब पाणी आत ठिबकायला हवं. तेवढ्या पाण्याने शाफ्ट थंड राहतो. अगदी कोरडं केलं तर तो तापतो आणि झिजतो. धार लागली तर होडी भरते. तांडेल रात्री मशीनपाशी बॅटरी धरतो ते थेंब पडतो आहे ना, हे पाहायला.

पंखा तांब्या-जस्ताच्या मिश्रधातूचा असेल तर खारं पाणी त्यातलं जस्त हळूहळू खाऊन टाकतं. पिवळं पातं गुलाबी दिसू लागतं, तेव्हा ते आतून पोकळ होत आलेलं असतं. हातोडीने वाजवलं तर घंटेसारखा नाद येत नाही, बद्द आवाज येतो. यावर उपाय म्हणून शाफ्टजवळ जस्ताचा एक गोळा बांधतात. पाणी पंख्याऐवजी त्यालाच आधी खातं. दर हंगामाला नवा गोळा. कोळीवाड्यात त्याच्याकडे कसं बघतात ते महत्त्वाचं: झिजलेला गोळा काढताना कुणी चुकचुकत नाही. तो झिजला नसता तर काळजी.

प्रत्येक वेळी बिघाडच असतो असंही नाही. होडी मागे घेताना सुकाणाचा आधार जवळजवळ सुटतोच. पंख्याचा झोत पुढच्या दिशेने जातो, सुकाणाला पाणी मिळत नाही, आणि फिरणारा पंखा होडीची शेपूट एका अंगाला ओढतो. पुढे जाताना, मागून पाहिल्यावर, घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरणारा पंखा असेल, तर उलट चालवताना शेपूट डावीकडे सरकते. नव्या माणसाला हा बिघाड वाटतो. जुना माणूस धक्क्याला लागताना होडी मुद्दाम त्याच अंगाने आणतो, मशीन क्षणभर उलटं टाकतो आणि शेपूट आपोआप धक्क्याला टेकते.

जहाज कितीही मोठं झालं तरी सुकाण आणि पंखा यांचं हे नातं बदलत नाही. २६ मार्च २०२४ च्या पहाटे अमेरिकेत बाल्टिमोरच्या बंदरातून निघालेल्या ‘डाली’ या महाकाय मालवाहू जहाजाची वीज गेली. पंखा थांबला, सुकाणाला पुरेसं पाणी मिळेना, आणि जहाज वाहत जाऊन फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळलं. पुलावर काम करणारे सहा मजूर गेले. जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते. संकटाचा इशारा वेळेवर दिला गेल्यामुळे पुलावरची वाहतूक आधी थांबवता आली. पुढे तपासात एक सैल राहिलेली तार सापडली. त्याच वर्षी १८ डिसेंबरला मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असताना नौदलाच्या स्पीडबोटीवरचा ताबा सुटला आणि ती घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी लाँचवर आदळली. त्या संध्याकाळी जे घरी परतले नाहीत त्यांची बातमी खाडीच्या दोन्ही काठांवर एकाच वेळी पोचली. होडीवर वाढलेल्या माणसाला ‘ताबा सुटला’ हे शब्द वाचताना हाताला काय वाटलं असेल, ते सांगणं कठीण आहे.

नवी मुंबईने खाडी ओलांडण्याच्या किती तऱ्हा केल्या. १९७३ मध्ये वाशीचा पूल आला, १९९७ मध्ये दुसरा. त्या दशकात हॉवरक्राफ्टही धावून गेली, पाण्याला पंखा न लावता, हवेच्या उशीवरून. १७ फेब्रुवारी २०२२ रोजी बेलापूरच्या जेट्टीवरून वॉटर टॅक्सी सुटली. १२ जानेवारी २०२४ रोजी २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूचं उद्घाटन झालं; त्यावरून जाणाऱ्याला खालच्या होड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या दिसतात. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ मध्ये रामसर स्थळ झालं, आणि ऐरोलीहून पर्यटकांना घेऊन निघणाऱ्या बोटी भरतीची वेळ पाहून सुटतात. फ्लेमिंगो ज्या उथळ गाळात चोच घालून जगतात, तोच गाळ पंख्याला नको असतो. एकाच चिखलाकडे दोघांची तोंडं दोन दिशांना.

दिवाळ्याला आता पाणी चढू लागलं आहे. आधी गाळातल्या चरांतून, मग होडीच्या पोटाखाली. तांडेलाने साडीचा तुकडा खाडीत परत टाकलेला नाही. नायलॉन आणि पिशवीसकट तो बांधावर, पाणी पोचणार नाही अशा जागी ठेवला आहे. होडी हळूहळू सरळ होते. मुलगा उडी मारून आत येतो, मशीन सुरू करतो. मघाचा हादरा गेलेला आहे. होडी धारेत शिरते, सुकाण हाताला हलकं लागतं, बेलापूरच्या इमारती मागे सरकतात.

“झालं ना बरं?” मुलगा विचारतो.

म्हातारा मशीन जरा वाढवायला सांगतो. मग आणखी जरा. एका ठरावीक वेगाला काहीतरी अजून आहे. फार बारीक, तळव्याला लागेल न लागेल असं. बुश असेल. किंवा धारेच्या तळाशी काही नवं येऊन पडलं असेल.

“थांब. आयकू दे,” तो म्हणतो, आणि दांड्यावरचा हात तसाच ठेवून पाण्याकडे बघत राहतो.